रिती मांडी आणि जिवंत आशा

शास्त्रपाठ : २ राजे ४:८-३७, २ शमुवेल १२:१५-२४, योहान ११:३२-३६

शूनेमच्या बाईचा मुलगा दुपारपर्यंत आईच्या मांडीवर होता, आणि तेथेच त्याने प्राण सोडला. ती कर्मेल डोंगराकडे निघाली. गेहजीने विचारपूस केली तेव्हा तिने सर्व ठीक असल्याचे सांगितले. पण अलीशाजवळ पोहोचताच तिने त्याचे पाय धरले. गेहजी तिला लोटू लागला. अलीशाने मात्र त्याला थांबवले. तिचे दुःख त्याने ओळखले, आणि परमेश्वराने त्याचे कारण आपल्याला कळवले नाही हेही त्याने मान्य केले.

बाळ गमावलेली माता आपल्या मंडळीतही असते. 'कशी आहेस?' असे विचारले तर 'बरी आहे' म्हणते. आपण तिच्याशी गेहजीसारखे वागतो की अलीशासारखे?

१. शोक म्हणजे अविश्वास नव्हे. प्रभू येशू लाजराला उठवणार होता, तरी कबरेपाशी तो रडला. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे पौल सांगतो (१ थेस्स. ४:१३), शोकच करू नका, असे तो म्हणत नाही.

२. कारण सांगण्याची घाई नको. 'देवाला ते आवडले म्हणून नेले,' असे आपण सहज बोलतो. मातेला मात्र देवाने आपले बाळ हिसकावले असेच वाटते. 'हिचेच काही चुकले असेल,' ही कुजबुज तर त्याहून क्रूर. आंधळ्या माणसाविषयी शिष्यांनी कोणाचे पाप ते विचारले, तेव्हा प्रभूने तो हिशेबच नाकारला (योहान ९:३).

३. आशा खरी आहे. शूनेमच्या बाईला मुलगा परत मिळाला. आपल्या मातांना या जगात तो मिळत नाही. दाविदाचे बाळ सातव्या दिवशी गेले. ते परत येणार नाही, पण आपण त्याच्याकडे जाऊ, असे तो म्हणाला. त्यानंतर त्याने बथशेबेचे सांत्वन केले. शोक मातेचाही होता, हे शास्त्र विसरत नाही.

मराठी मिशनच्या आरंभीही असेच एक दुःख आहे. १८१२ साली हॅरिएट न्यूएल पतीसह अमेरिकेहून कलकत्त्यास आली. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिले नाही. मॉरिशसला जाताना समुद्रावर तिला मुलगी झाली. ती पाचच दिवस जगली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला हॅरिएटही प्रभूमध्ये निजली. वय अवघे १९. पती सॅम्युएलने तिच्या आईला पत्र लिहून दोन्ही मृत्यू कळवले. १८१४ मध्ये तो मुंबईस आला आणि १८२१ मध्ये मरेपर्यंत तेथे सेवा करीत राहिला. आशेने त्याचे दुःख पुसले नाही. दुःखासह चालण्याचे बळ दिले.

आमच्या सुरतेत उधना-लिंबायतकडे खानदेशातून पोटासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. माहेर दूर असते. अशा घरी मंडळीच्या भगिनींनी जावे, चूल पेटवावी, जवळ बसावे. बाळाचे नाव ठेवले असेल तर ते नाव घ्यावे. बाळ गेले तरी आईला पान्हा फुटतो, हे विसरू नये. बापाचीही विचारपूस करावी. आठवडे लोटले तरी झोप-अन्न नसेल, जगणे नको असे ती बोलू लागली, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही न्यावे.

वर्गासाठी प्रश्न :
(१) गेहजी व अलीशा यांच्या वागण्यात काय फरक दिसतो?
(२) दाविदाच्या आशेचा आधार कोणता?
(३) आपल्या मंडळीत अशी कोणती माता आहे? या आठवड्यात तिच्याकडे कोण जाईल?