एका फोनातून दुसऱ्या फोनात

६ डिसेंबरला दादरला जाऊन आलेल्या ताया आपल्या बहुतेक गावांत आहेत. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, आणि जवळच्या शिवाजी पार्कवर त्यांच्या राहण्याची सोय असते. (या मैदानाचं आधीचं नाव माहीम पार्क. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं. एका बाईच्या शब्दाने झालेलं काम आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.)

आमच्या गटाच्या तिघी तिथे होतो. तंबूत शेजारी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गटाच्या ताई उतरल्या होत्या. गप्पा निघाल्या, त्यांनी आमच्या मसाल्याचं दरपत्रक आणि पाकिटांचे फोटो मागितले. फोनवर रेंज पूर्ण, पण व्हॉट्सअ‍ॅप नुसतं गोल गोल फिरतंय. एका टॉवरवर इतके फोन एकदम आले की हे होणारच. त्यांच्या मुलीने आमच्या सचिवताईंचा फोन घेतला, ‘क्विक शेअर’ दाबलं, दोन्ही फोन जवळ धरले. मिनिटाभरात वीस फोटो गेले. नेट एक पैशाचं लागलं नाही.

संध्याकाळी दादर स्टेशनच्या गर्दीत सचिवताईंचा फोन गेला. हरवला की कोणी मारला, कळलं नाही. आठवड्याने त्या शेजारच्या ताईंचा फोन आला. दरपत्रकावर आमच्या अध्यक्षांचा नंबर होता म्हणून बरं. पाच किलो मसाला हवा होता. आम्ही म्हटलं, ताई, आमचेच फोटो आमच्याकडे उरले नाहीत, तुमच्याकडचे पाठवा! त्यांनी पाठवले. हिशेबवहीच्या पानांचे फोटो मात्र दुसऱ्या कोणाकडेच नव्हते. कर्जाच्या अर्जाला ते जोडायचे होते, मग सगळ्या वह्या परत गोळा करून पानंन्‌पानं पुन्हा टिपावी लागली. दोन दिवस त्यात गेले.

आता यातलं तंत्र समजून घेऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आधी कंपनीच्या मोठ्या संगणकावर जातो आणि तिथून समोरच्या फोनवर येतो. म्हणजे डेअरीतून दूध आल्यासारखं. डेअरी बंद, तर दूध नाही. दुसरी पद्धत विरजणाची. शेजारणीकडून चमचाभर आणलं, आपलं दही लागलं, की उद्या आपणही तिसरीला विरजण देऊ शकतो. मधे दुकान लागत नाही. ज्याने घेतलं तो देणाराही होतो. या पद्धतीला ‘पीअर टू पीअर’ म्हणतात, म्हणजे बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांना देणं.

या पद्धतीचं नाव चोरीच्या सिनेमांमुळे खराब झालंय. ‘टोरेंट’ म्हटलं की पोरं हसतात. पण २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी केलेलं बिटटोरेंट मोठ्या कंपन्यांनी कामासाठीच वापरलं. ट्विटरने २०१० मध्ये आपल्या हजारो संगणकांवर नवा प्रोग्राम याच पद्धतीने पोचवला: एकाच ठिकाणी रांग लावण्यापेक्षा प्रत्येक संगणकाने मिळालेला तुकडा पुढच्याला द्यायचा. विंडोजमध्येही ही सोय आहे. तुमच्या प्रभागसंघाच्या कार्यालयात दोन-तीन संगणक एकाच वाय-फायवर असतील, तर सेटिंगमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ शोधा. ते चालू असलं की अपडेटचे तुकडे संगणक एकमेकांकडून घेतात आणि नेट वाचतं.

आपल्या हातातल्या फोनचं सोपं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये क्विक शेअर असतं. आधी त्याला निअरबाय शेअर म्हणायचे, २०२४ मध्ये नाव बदललं. दोन्ही फोनचं ब्लूटूथ आणि वाय-फाय चालू करा, फोटो निवडून शेअर दाबा, समोरच्या फोनचं नाव दिसलं की त्यावर बोट ठेवा, आणि तिने ‘स्वीकारा’ म्हणायचं. फोटोचा दर्जा कमी होत नाही, त्यामुळे लेबल छापायला प्रेसवाल्याला द्यायचं असेल तर हेच बरं. प्रशिक्षणाचा मोठा व्हिडिओ एकीने उतरवून घ्यायचा आणि बैठकीत बाकीच्यांना द्यायचा. जुन्या शेअरइट आणि झेंडरवर सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली, ती कुठून मिळवत बसू नका.

काम झालं की ‘सर्वांना दिसू दे’ हे बंद करा. गर्दीत अनोळखी फोनवरून काही आलं तर नको म्हणा. विशेषतः नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते लग्नपत्रिका म्हणून आलं तरी उघडू नका, त्यातून बँक खातं रिकामं करतात. आणि सिनेमा? देण्याची पद्धत कायदेशीर असली तरी दिलेली वस्तू चोरीची असेल तर गुन्हाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

आमच्या गटाने आता ठराव केलाय. मासिक बैठकीत बचत जमा झाली, वही लिहून सह्या झाल्या, की त्या पानाचे फोटो अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष अशा तिघींच्या फोनवर जातात. तिन्ही फोनला कुलूप हवं, ही अट. आधार आणि पासबुकाचे फोटो यात नाहीत, ते ज्याचे त्याच्याकडे. पहिल्याच बैठकीत अर्धा तास लागला, कारण कोषाध्यक्षांच्या फोनमध्ये जागाच नव्हती. सगळे शुभ सकाळचे फोटो! ते पुसायला तिघी बसल्या.