प्रायश्चित्त कशाने होते? यहूदी व ख्रिस्ती शिक्षणाविषयी एक पाठ

ह्या पाठास आरंभ करण्यापूर्वी लेवीयाचा 16 वा अध्याय घरच्या मंडळीसमोर मोठ्याने वाचावा. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक रक्त घेऊन परमपवित्रस्थानात जाई. दोन बकऱ्यांपैकी एकाचा यज्ञ होई. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून लोकांची पापे कबूल करीत व त्यास रानात सोडून देत.

सन 70 मध्ये रोमी सेनापती टायटस ह्याने यरुशलेम घेतले व मंदिर जळून गेले. वेदी नाही, यज्ञ नाही, मग पापक्षमा कशी व्हावी? यहूदी परंपरेत अशी कथा आहे की, रब्बी योहानान बेन जक्कई व त्यांचा शिष्य यहोशुवा हे त्या ओसाड स्थळाजवळून जात असता शिष्य शोक करू लागला. तेव्हा गुरूने त्यास सांगितले की, त्याच तोडीचे दुसरे प्रायश्चित्त आपणांजवळ आहे, ते म्हणजे दयेची कृत्ये. आणि त्यास होशेयाच्या 6 व्या अध्यायाचा आधार दिला. तेव्हापासून पश्चात्ताप, प्रार्थना व दानधर्म ह्यांवर यहूदी गुरूंनी विशेष भर दिला. आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोक, ज्यांस गावकरी शनिवार तेली म्हणत, तेही प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून उपास करीत.

आता मतभेद कोठे आहे ते पाहू.

पहिला, पापाविषयी. यहूदी गुरू म्हणतात की, मनुष्याच्या ठायी सुवृत्ती व कुवृत्ती अशा दोन्ही आहेत, आणि तो देवाकडे वळू शकतो. यहेज्केलाच्या 18 व्या अध्यायाप्रमाणे पुत्र पित्याचा दोष वाहत नाही. पौल तर रोमकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायात आदामाद्वारे पाप व मरण जगात आले असे शिकवितो. पुढे आगस्तीन (354 ते 430) ह्याने आदामाचा दोषही सर्वांकडे येतो असे प्रतिपादन केले व पश्चिमेकडील मंडळीने ते बहुतांशी स्वीकारले. पूर्वेकडील मंडळ्यांनी मात्र मरण व भ्रष्टता मानली, तरी दोषाविषयी तसे शिकविले नाही.

दुसरा, रक्ताविषयी. इब्री लोकांस पत्र सांगते की, ख्रिस्ताने स्वतःस एकदाच अर्पिले व ते अर्पण सर्वकाळास पुरे आहे. ह्यावर यहूदी लोक लेवीयाचा 5 वा अध्याय दाखवितात. तेथे अति दरिद्री मनुष्यास रक्ताऐवजी सपीठ आणण्याची मोकळीक आहे. हे खरे आहे, आणि म्हणूनच इब्री 9:22 मध्ये ‘बहुतेक’ हा शब्द आहे; तो गाळून वाद घालू नये. दुसऱ्या शतकात जस्टिन शहीद ह्याच्या ग्रंथात त्रिफो नामक यहूदी विचारतो की, नियमशास्त्र ज्यास शापित म्हणते असा खांबावर टांगलेला मनुष्य ख्रिस्त कसा असेल? जस्टिनाचे उत्तर असे की, त्याने तो शाप इतरांकरिता सोसला. हेच आपल्या विश्वासाचे मर्म होय.

परंतु कोणी उपदेशकाने असे म्हणू नये की, यहूदी लोक कर्मांनी क्षमा विकत घेऊ पाहतात. तेही देवाच्या दयेचीच याचना करितात. शिवाय प्रभु व त्याचे प्रेषित यहूदीच होते. त्यांच्या लोकांची निंदा आपल्या मुखी शोभत नाही.

आणि एका गोष्टीत ते आपणांस लाजवितील. सुमारे सन 200 मध्ये संग्रहित झालेल्या मिश्ना ग्रंथाचे शिक्षण असे आहे की, शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या पापाचे प्रायश्चित्त, त्या शेजाऱ्याचे समाधान केल्यावाचून त्या पवित्र दिवसानेही होत नाही. आपला प्रभुही मत्तयाच्या 5 व्या अध्यायात अर्पण वेदीजवळ ठेवून प्रथम भावाशी समेट करावयास सांगतो, आणि होशेयाचे तेच वचन तो मत्तयाच्या 9 व्या व 12 व्या अध्यायांत पुढे करितो. तर मग भावाचा बांध कोरून, उसने घेतलेले धान्य बुडवून, “ख्रिस्ताने माझे सर्व फेडले” असे म्हणत प्रभुभोजनास बसणारा कोणत्या शास्त्राचा आधार घेतो? वधस्तंभ आपले देवाजवळील ऋण फेडतो. शेजाऱ्याची पायली परत करण्यापासून तो आपणांस मोकळे करीत नाही, तर ती परत करण्याचे बळ देतो.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न: मंदिर पडल्यावर यहूदी लोकांनी कोणता मार्ग धरिला? आपण ख्रिस्ताचे अर्पण पुरे का मानितो? येत्या प्रभुभोजनापूर्वी मला कोणाच्या दारी गेले पाहिजे?