ग्रीष्मारंभीचे हवामान-अनुमान : किनारपट्टी व अंतर्भाग यांचा देशविचार

मार्चअखेरीच्या सुमारास भारतीय हवामानशास्त्र विभाग एप्रिल ते जून या तिमाहीचे तापमानविषयक अनुमान प्रसिद्ध करतो. शार्ङ्गधराच्या राशिगणनेप्रमाणे मेष व वृषभ हे ग्रीष्माचे दोन मास, म्हणजे साधारणतः १४ एप्रिल ते १४ जून, याच तिमाहीत येतात. वृत्तपत्रांत मात्र या अनुमानाचा सारांश बहुधा 'यंदा उन्हाळा कडक' एवढाच छापून येतो. वैद्यास किंवा औषधालयचालकास त्याचा उपयोग थोडा. मूळ अनुमान सरासरीच्या तुलनेत आणि शक्यतेच्या भाषेत असते. शिवाय विभागाने महाराष्ट्र-गोव्याचे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ असे चार उपविभाग पाडलेले आहेत. आपल्या शास्त्रातील देशविचाराला जवळची अशी ही मांडणी आहे. म्हणून अनुमान वाचताना प्रथम आपला उपविभाग पाहावा.

उष्णतेच्या लाटेची व्याख्याही सर्वत्र एक नाही. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस झाल्यावर, किनाऱ्यावर ३७ अंशांवर आणि डोंगराळ भागात ३० अंशांवर लाटेचा विचार सुरू होतो. त्याखेरीज ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. किनाऱ्यासाठी तीन अंश कमी का, हा प्रश्न आमच्या मते या लेखाचा गाभा आहे.

त्याचे उत्तर कूलर देतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नागपुरात खोली थंड करतो. तोच रत्नागिरीत आणून लावला तर खोली केवळ ओली होते. हवा कोरडी असेल तर पाण्याचे बाष्प होते आणि गारवा मिळतो. शरीराचेही तेच. एक लिटर घाम पूर्णपणे सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. न सुकता निथळून गेला तर पाणी आणि क्षार तेवढे गेले, उष्णता आतच राहिली. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यामुळे ३८ अंश हा आकडा ऐकून कोकणातील मनुष्य निर्धास्त राहतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर, भर उन्हात मोठा समारंभ झाला. उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपासच होते.

किनाऱ्याचे रक्षण करतात ते दुपारचे खारे वारे. पूर्वेकडील वारे जोर धरून त्यांना अडवतात तेव्हा किनाराही तापतो. मुंबईत सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. सकाळपासून पूर्वेचा वारा आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यास उशीर, ही किनाऱ्यावरील वैद्याने स्वतः ओळखावयाची खूण आहे.

रुग्णांतही हा भेद दिसतो. देशावर व वऱ्हाडात घाम येताक्षणीच सुकतो, म्हणून किती पाणी गेले हे रुग्णास उमगत नाही. तो येतो तो मूत्रदाह, अश्मरीचा शूल, मलावष्टंभ किंवा घोळणा फुटल्याची तक्रार घेऊन. येथे ग्रीष्मचर्येतील स्निग्ध, शीत, द्रव आहार अक्षरशः लागू पडतो. कोकणात घामोळे, दद्रू, अग्निमांद्य, क्लम अधिक; तेथे दूध-तुपाचा भार न वाढवता षडंगोदक, कोकमाचे सार, लघु अन्न यांवर भर द्यावा. भंडारा-गोंदियाचा प्रदेश तळ्यांचा व भातशेतीचा, लक्षणांनी आनूप; परंतु वैशाखात त्याची वागणूक जांगलासारखी होते. देशाला काळाची जोड द्यावी लागते, ती अशी.

लवणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ग्रीष्मात लवण, अम्ल व कटु रस वर्ज्य सांगितले आहेत, आणि काही वैद्यबंधू हे वचन घाम गाळणाऱ्या मजुरासही लावतात. आमच्या मते ही चूक आहे. त्याच ऋतुचर्येत व्यायाम आणि आतप हेही वर्ज्य आहेत. ज्याला ते टाळणे शक्य आहे त्याच्यासाठी तो उपदेश आहे. ज्याचे पोट उन्हातील श्रमावर आहे त्याने गमावलेला क्षार भरून काढलाच पाहिजे. कैरीच्या पन्ह्यात आणि कोकम सरबतात मीठ घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. घरगुती प्रमाण एक लिटर पाण्यास सपाट अर्धा चमचा मीठ व सहा चमचे साखर. रक्तदाब, मधुमेह व वृक्कविकार असलेल्यांना मात्र हे सरसकट सांगू नये.

उष्माघातास ज्वर समजणे ही याहून घातक चूक. दुपारी दुकानात कोणी 'अंग तापलंय, गोळी द्या' म्हणत आले आणि रुग्ण असंबद्ध बोलत असेल, झोकांड्या जात असतील, तर ज्वरघ्न कल्प काय आणि पॅरासिटामॉल काय, दोन्ही निरुपयोगी. त्वचा कोरडीच असेल असेही नाही. श्रमजन्य उष्माघातात, विशेषतः दमट हवेत, ती घामाने भिजलेली असू शकते. रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, पंखा लावावा. दमट हवेत नुसते ओले फडके पुरत नाही. काखेत, मानेवर, जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही देऊ नये.

औषधसाठ्याबाबत दोनच गोष्टी. देशावर पत्र्याच्या छपराखालील दुकानात गुग्गुळकल्प व शिलाजीत मऊ होऊन चिकटतात, कापूरयुक्त औषधांतील कापूर उडून जातो. तो माल वरच्या फळीवरून खाली आणावा. किनाऱ्यावर शत्रू ओलावा आहे : लवणभास्करासारखी क्षार-लवणयुक्त आणि अविपत्तिकरासारखी साखरयुक्त चूर्णे गठ्ठा धरतात. ती मोठ्या डब्यातून सुटी न विकता लहान बंद पुड्यांत मागवावीत आणि डबा दुपारी, हवा जड असताना, उघडू नये. मागणीपत्र लिहिण्यापूर्वी विभागाचे दर गुरुवारी येणारे विस्तारित अनुमान पाहिले, तर वाळा, सारिवा व धने किती मागवावेत याचा अंदाज पंधरा दिवस आधी बांधता येतो.