आजीच्या खोलीला किती बोर्ड?

माझे मामा पुण्याला कोथरूडमध्ये राहतात. आजीला निवांत झोपता यावे म्हणून मोठ्या खोलीत आडभिंत घालायची ठरली. विटांची नाही, जिप्सम बोर्डाची. जिप्सम हे मऊ खनिज राजस्थानात पुष्कळ सापडते. मधे पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा असतो, म्हणून बोर्ड दोन्ही बाजूंना लागतात. हे विसरलं की हिशोब निम्माच होतो!

भिंत १२ फूट लांब, ९ फूट उंच. १२ × ९ = १०८ चौरस फूट. दाराचे ३ × ७ = २१ वजा केले, उरले ८७. दोन बाजूंचे १७४. एक बोर्ड ६ × ४, म्हणजे २४ चौरस फुटांचा. १७४ ला २४ ने भागले. भागाकार ७, बाकी ६. दुकानात पाव बोर्ड मिळत नाही, म्हणून ८.

मामी म्हणाली, "पण तुकडे जुळतील का?" मग मी चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट धरून भिंत काढली. दार अगदी कडेला आहे, म्हणून आठात बरोबर बसते. पण कारागीर काका म्हणाले, "जिन्यातून चढवताना कोपरा मोडतो, एक जास्त आणा." मामांनी नऊ आणले. मोरीकडच्या भिंतीला मात्र साधा बोर्ड लावत नाहीत, तो पाण्याने खराब होतो.