बाळंतपणाचा खर्च : फुकट काय, साठवायचे कशासाठी?

सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट होते, हे वस्तीतल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. तरी बाळ घरी येते तेव्हा अनेक घरांवर कर्ज झालेले असते. असे का होते आणि ते कसे टाळायचे, हे आज पाहू.

फुकट काय?

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून देशभर लागू आहे. सरकारी दवाखान्यात साधे बाळंतपण असो की सिझर, पैसे द्यायचे नाहीत. औषधे, तपासण्या, सोनोग्राफी, गरज पडल्यास रक्त, हे सारे मोफत. बाळंतिणीला जेवण साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझरमध्ये ७ दिवस. १०२ ची गाडीही मोफत : घरून न्यायला, साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयातून भंडाऱ्याला पाठवले तर तिथवर, आणि परत घरी सोडायला. बाहेरून औषध आणायला सांगितले, तर "हे योजनेत बसते ना?" असे विचारा. चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते.

मग पैसा जातो कुठे?

सोबतच्यांचे जेवण, येणे-जाणे, बाळाचे कपडे यात जातो. पण सर्वात मोठा खर्च कोणी मोजतच नाही. तो म्हणजे बुडालेली मजुरी. समजा, रोजी ३०० रुपये आहे. सिझर झाले आणि नवरा व सासू दोघेही ७ दिवस दवाखान्यात राहिले, तर ४,२०० रुपये बुडाले. बाळंतिणीची रोवणी-कापणीची मजुरी वेगळीच. ती भरून काढायला बाई लवकर कामावर जाते आणि दुखणे अंगावर काढते.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला, तो कारखान्यातल्या बायांसाठी. शेतमजूर बाईला आजही पगारी रजा नाही. म्हणून तिच्या विश्रांतीचे पैसे घराच्या हिशेबात आधीच धरा.

हिशेब असा मांडा

तिसरा महिना सरला की सुमारे २६ आठवडे हातात उरतात. दर आठवडी बाजाराला १५० रुपये बाजूला टाकले, तर ३,९०० रुपये जमतात. हे पैसे दुसऱ्या कशालाही काढायचे नाहीत.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालील आईला जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७००, शहरी भागात ६०० रुपये वेगळे. पण हे पैसे बाळंतपणाच्या दिवशी हातात येतीलच असे नाही. त्यांच्या भरवशावर फायनान्सचे कर्ज काढू नका. ते आले की आईच्या खाण्यापिण्याला आणि विश्रांतीला लावा.

आजच हे करा

दिवस गेल्याचे कळताच आशाताईंकडे नोंद करा. आधार, रेशन कार्ड, जातीचा दाखला, माता-बाल संरक्षण कार्ड आणि आईच्या स्वतःच्या नावाचे, आधार जोडलेले बँक पासबुक एका पिशवीत ठेवा. सोबतीला कोण राहणार आणि घरची लेकरे कोण पाहणार, हे सातव्या महिन्यातच ठरवा. हा हिशेब नवऱ्याने आणि सासूबाईंनीही बसून ऐकावा. बाळ साऱ्या घराचे आहे, त्याच्या खर्चाची काळजी एकट्या आईने का करावी?

जय भीम.