ग्रीसच्या बेटांसारखी शिडाची सफर आपल्या किनाऱ्यावर होईल का?

प्रश्न : आमचे दोन मित्र परदेशात नोकरीला आहेत. त्यांनी आणखी चौघांना जमवून ग्रीसमध्ये एक छोटी यॉट भाड्याने घेतली आणि आठवडाभर या बेटावरून त्या बेटावर फिरले. फोटो पाहिल्यापासून आमच्या इथल्या मंडळींत एकच चर्चा आहे. आपल्याला एवढा समुद्र असताना असे कुणी का करत नाही? रेवदंड्यापासून मालवणपर्यंत अशी सफर करता येईल का? आणि अष्टमीपर्यंत शिडाची होडी येऊ शकते का?
— एक वाचक, अष्टमी (ता. रोहा)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे. मे १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडेन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून निघाला. तो आधी समुद्रमार्गे चौलला आला. पोहोचायला रात्र झाली, पोर्तुगीजांच्या तटबंदीचे दरवाजे बंद झाले होते, म्हणून मंडळींनी वेशीबाहेरच मुक्काम केला. पुढे ते खाडीने वर आले आणि जिथे उतरले ते गाव म्हणजे तुमची अष्टमी. तिथून निजामपूरच्या वाटेने जमिनीवरून रायगड. जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात ही सगळी हकीकत आहे. रायगडाला जाणाऱ्या परक्या वकिलाला अष्टमीचा धक्का हाच सोयीचा वाटला, यातच त्या काळी कुंडलिकेची खाडी काय होती ते कळते. तो हमरस्ता होता.

आज कुंडलिका म्हटले की बाहेरगावच्या माणसाला कोलाडचे राफ्टिंग आठवते. टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि त्या पाण्यावर तरुण मंडळी रबरी होड्या सोडतात. पण अष्टमी-रोह्याच्या खालचा पंचवीस-तीस किलोमीटरांचा भरतीच्या पाण्याचा पट्टा, जो खरा जलमार्ग होता, त्याकडे कुणी पाहत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता ग्रीसकडे वळू. तिथे हे इतके सोपे का झाले, ते आधी समजून घ्यायला हवे. तिथे चालकासह किंवा चालकाशिवाय, दोन्ही प्रकारे यॉट भाड्याने मिळते. चालकाशिवाय घ्यायची तर तुमच्यापैकी एकाकडे ओळखले जाणारे नौकाचालनाचे प्रमाणपत्र लागते आणि सोबत दुसरा अनुभवी माणूस लागतो. नौका साधारण पस्तीस ते पंचेचाळीस फुटांची असते, सहा ते आठ माणसे झोपू शकतात. नवख्या लोकांना बहुधा अथेन्सजवळच्या सारोनिक आखातात पाठवतात : एजिना, पोरोस, हायड्रा. पिरियसहून एजिना सोळा-सतरा सागरी मैल, म्हणजे सकाळी निघून दुपारी जेवायला पोहोचता येते. मधल्या सायक्लेड्स बेटांचा मामला वेगळा आहे. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा कोरडा, जोरदार वारा अनेक दिवस सलग वाहतो, आकाश निरभ्र असते आणि समुद्र मात्र उसळलेला असतो. अनुभवी माणसेही अशा वेळी बंदर सोडत नाहीत.

अंतरांचा विचार केला तर आपला किनारा ग्रीसच्या तोडीस तोड आहे. नकाशावर मोजून पाहा. रेवदंड्याहून उत्तरेला खांदेरी बारा सागरी मैलांच्या आसपास, दक्षिणेला जंजिरा साधारण पंधरा. जंजिऱ्याहून हर्णैचा सुवर्णदुर्ग तीस, तिथून जयगडची खाडी पुन्हा तितकीच, मग रत्नागिरी वीस, विजयदुर्ग पंचवीस-सव्वीस आणि मालवणचा सिंधुदुर्ग तीसच्या थोडे पुढे. सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. शिडाची छोटी यॉट ताशी पाच मैल धरली तर यातला एकही टप्पा दिवसाउजेडी न संपणारा नाही. आणि प्रत्येक टप्प्याच्या टोकाला किल्ला आहे. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. असे किल्ले समुद्रातून पाहायचे असतात. विजयदुर्ग जमिनीवरून पाहिलेल्या माणसाने तो निम्माच पाहिलेला असतो, असे माझे मत आहे.

मग फरक कुठे पडतो? पाण्यात. एजियन समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, पाणी वीतभर वर-खाली होते. म्हणून तिथे संध्याकाळी नांगर टाकून, नौकेची मागची बाजू धक्क्याला बांधून, फळी टाकून मंडळी सरळ गावात उतरतात. सकाळी नौका तिथेच, तशीच. आपल्याकडे मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी चार ते पाच मीटरने चढते-उतरते. सकाळी ज्या धक्क्याला पाय टाकून उतरलात, तोच दुपारी डोक्याच्या वर गेलेला असतो आणि खाली चिखल. शिडाच्या यॉटला पाण्याखाली जड कणा असतो, चाळीस फुटी नौकेचा तो सुमारे दोन मीटर खोल जातो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीला त्यावर नौका बसली की पुढची भरती येईपर्यंत ती कलंडून पडते. मराठ्यांची गलबते उथळ बुडीची होती, खाडीत खूप आतपर्यंत शिरत आणि मागे लागलेली युरोपीय जहाजे बाहेरच अडत. त्या गलबतांची बांधणी हे या पाण्याचेच उत्तर होते. आज कुणी ही सफर आखणार असेल तर त्याने खोल कण्याच्या यॉटऐवजी दोन सांगाड्यांची, उथळ पाण्यात चालणारी कॅटामरान निवडावी.

दुसरा फरक बेटांचा. ग्रीसमध्ये वस्तीची बेटे आहेत, प्रत्येकावर गाव, बाजार, खानावळ. आपली बेटे म्हणजे बहुतेक खडक आणि त्यावर किल्ला. खांदेरीवर दीपगृह आहे आणि थळच्या कोळ्यांचा वेताळ आहे, पण तिथे रात्री उतरायची सोय नाही. म्हणून आपली सफर बेटावरून बेटावर अशी आखायचीच नाही. ती खाडीतून खाडीत आखायची : कुंडलिका, राजपुरी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, वाघोटनची विजयदुर्ग खाडी. दर खाडीच्या तोंडाशी आसरा आहे आणि आत गाव आहे. ग्रीक बेटाला जे बंदर देते ते आपल्याला नदी देते. ही गोष्ट एकदा मनात बसली की आपल्या किनाऱ्याची ग्रीसशी तुलना करून हळहळण्याचे कारण उरत नाही.

आणि ग्रीकांना हे ठाऊक होते! पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या पुस्तकात कल्याणच्या खालच्या बाजारगावांत पहिले नाव येते ते सेमिल्ला, म्हणजे अभ्यासकांच्या मते आपले चौल. दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही ते आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रातल्या बंदरांतून ही जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर समुद्र ओलांडून पाऊस ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परतत. तुमचे मित्र ज्या पाण्यात फिरून आले, त्या पाण्याशी कुंडलिकेच्या मुखाचे नाते दोन हजार वर्षांचे आहे.

वाऱ्याबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण शिडाच्या सफरीत सगळे तिथेच ठरते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते परीक्षेपुरते नव्हते. दिवाळीनंतर कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो, सकाळी उशिरा तो पडतो, तासभर समुद्र तेलासारखा होतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन सूर्यास्तापर्यंत टिकतो. रेवदंड्याहून मालवणकडे जाताना दुपारचा वारा पाठीशी तिरका मिळतो. उतरणीचा प्रवास झाला तो. परत येताना तोच वारा तोंडावर असतो. तेव्हा पहाटे अंधारात उठून मतलईवर जेवढे उत्तरेला सरकता येईल तेवढे सरकायचे आणि दुपारी खाडीत शिरायचे. जुने तांडेल असेच करत. म्हणून मी म्हणेन, पहिल्या सफरीला फक्त जाण्याचा बेत करा, नौका मालवणला सोपवा आणि स्वतः रेल्वेने या. कोकण रेल्वे तुमच्या रोह्यापासूनच सुरू होते.

हंगाम ग्रीसच्या नेमका उलटा आहे. तिथे मे ते ऑक्टोबर, इथे ऑक्टोबर ते मे. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच होड्या लोटतात. हा नियम हौशी माणसाने स्वतःहून पाळावा. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगडच्या किनाऱ्यावर आजही अशी घरे आहेत जिथे ती तारीख सांगावी लागत नाही.

मग कुणी का करत नाही? असे नाही की आपल्यात दर्यावर्दी नाहीत. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले. त्यांची ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली गेली. या उपक्रमामागे उभे होते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी. पुढे २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या तिथेच बांधलेल्या नौकेतून जगाला वळसा घालून आल्या. माणसे आहेत, नौका बांधणारे हात आहेत. नाही ते किनाऱ्यावरचे साधे पाठबळ : भरतीबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का, गोडे पाणी, रात्री नौकेवर नजर ठेवणारा कुणी. मांडव्याला ते काही प्रमाणात झाले. मुरूड, हर्णै, दाभोळ, विजयदुर्ग इथे एकेक तरंगता धक्का झाला तर हा किनारा शिडांनी भरेल असे मला ठामपणे वाटते, आणि हे पैसे मोठ्या रिसॉर्टवर घालण्यापेक्षा इथे घालावेत असेही वाटते.

तोवर काय करता येईल? पहिली पायरी तुमच्या जिल्ह्यातच आहे. राजपुरीहून जंजिऱ्याला प्रवाशांना अजून शिडाच्या होडीतून नेतात. एकदा किल्ल्यासाठी नव्हे, होडीसाठी जा. शीड कसे फिरवतात, वारा कमी पडला की खलाशी काय करतात ते पाहा. मग तुमच्यापैकी दोघांनी मुंबईच्या एखाद्या सेलिंग क्लबात रीतसर शिकावे. दोघांनी, कारण चालवणारा एकच असेल आणि तो आजारी पडला तर बाकीचे असहाय होतात. सफरीत एकालाच तांडेल माना आणि समुद्रावर त्याचा शब्द अखेरचा ठेवा. मैत्री कितीही जुनी असो, पन्नास फुटांच्या आत आठवडा काढायचा तर हे आधी ठरलेले बरे. रात्री चालू नका : डोल जाळ्यांचे खुंट आणि दिव्याविना उभ्या होड्या रात्री दिसत नाहीत, आणि जाळे तुटले तर कुणाचे तरी महिन्याचे पोट त्यात अडकलेले असते. निघण्यापूर्वी मेरीटाइम बोर्डाचे बंदर कार्यालय आणि वाटेतली सागरी पोलीस ठाणी यांना नौकेचे व माणसांचे तपशील कळवा. २६/११ नंतर किनाऱ्यावर अनोळखी नौकेची चौकशी होते, आणि व्हायलाच हवी.

अष्टमीपर्यंत यायचे असेल तर उंच डोलकाठीची यॉट रेवदंड्यालाच ठेवा. खाडीवरच्या पुलांखालून ती जाईलच असे नाही, शिवाय साळावच्या धक्क्याकडे बार्जची ये-जा असते. वर येण्यासाठी स्थानिक होडी आणि स्थानिक माणूस घ्या. दिवस निवडायला कोकणातला जुना हिशोब पुरेसा आहे : तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येनंतर आकडा पुन्हा एकपासून. म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. तेव्हा उधाणही असते, पाणी भरपूर, आणि सकाळी सहा-सातला खाडीच्या मुखातून निघालेली होडी चढत्या पाण्याबरोबर वर येते. आत येईल तसतशी भरती उशिरा होते, त्यामुळे घाई नसते. अष्टमीला जेवण करून ओहोटीवर परत. समुद्रातल्या टप्प्यांसाठी मात्र उलट करा, सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस धरा, तेव्हा पाण्याची ओढ सौम्य असते. येत्या नोव्हेंबरचे पंचांग काढून या दोन्ही तिथी एका सुट्टीत बसतात का ते बघा. मला वाटते, आठ-नऊ दिवसांची सुट्टी मिळाली तर बसतील.