हात पोचेल एवढं अंतर

नातीच्या नर्सरीनं पोहण्याच्या तासासाठी संमतीचा कागद पाठवलाय, सही करू का नको, असं तू काल विचारलंस. मी फोनवर नुसतं "बघू" म्हणाले, कारण हे एका शब्दात सांगण्यासारखं नव्हतं. उमापुरात अंगणवाडी सेविका म्हणून माझी सारी नोकरी तीन ते सहा वर्षांच्या लेकरांत गेली. आमच्याकडे कुठला आलाय पोहायचा तलाव? पिण्याच्या पाण्याचा रांजण आणि हात धुवायची बादली, एवढंच पाणी. पण पाण्याचा धाक मला त्या बादलीनंच घातला.

एक दोन वर्षांचं पोरगं मोठ्या बहिणीच्या मागं मागं आलेलं. मदतनीस खिचडी वाढत होती, मी हजेरी भरत होते. अर्ध्या बादलीत पडलेली वाटी काढायला ते वाकलं आणि डोक्याच्या भारानं आत गेलं. ओरडलं नाही, पाणीही उडालं नाही. पायातला वाळा तेवढा बादलीच्या कडेला वाजला, म्हणून माझी मान वर झाली. ओढून काढलं, खोकलं, मग रडलं. ते रडल्यावर मी मटकन खाली बसले. त्या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असतं. तोल गेला की लेकराला आपलं आपण उठता येत नाही, आणि तोंड पाण्यात असल्यावर ते हाक तरी कशी मारणार? बुडणारं लेकरू गुपचूप जातं बाई. आरडाओरडा ऐकू येईल या भरवशावर राहू नकोस.

आता सहीचं. नातीला तीन वर्षं पूर्ण झालीत, तर घाल. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पूर्वी चार वर्षांच्या आत पोहणं नको म्हणायचे. 2010 मध्ये त्यांनी तो आग्रह सोडला, आणि 2019 मध्ये सांगितलं की एक वर्षानंतर शिकवलं तर बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये मात्र वयाप्रमाणे वेगळं सांगितलं: सहाच्या पुढच्यांना पोहणं आणि पाण्यातली सावधगिरी शिकवा, त्याहून लहानांना मोठ्यांच्या देखरेखीखाली सुरक्षित जागी ठेवा. बांगलादेशात खेड्यापाड्यांतून त्यासाठीच पाळणाघरं उघडली, कारण आई कामात असते त्या वेळी लेकरं तळ्याकडे जातात. म्हणजे आमच्या अंगणवाडीचंच काम की! तेव्हा तास लाव, पण पोरगी पोहायला शिकली म्हणून आपली राखण संपली, असं मनात आणू नकोस. तीन वर्षांच्या लेकराला आज आलेलं उद्या घाबरल्यावर आठवत नाही.

सही करण्याआधी एक दिवस सुट्टी काढ आणि चालू तास डोळ्यांनी बघून ये. शिकवणारी बाई काठावर शिट्टी घेऊन उभी असेल तर कागद परत दे. ती पाण्यात हवी, आणि हात लांब केला की लेकरू हाताला लागेल इतकी जवळ. शिवाय एक माणूस असं हवं, की ज्याला नुसतं बघत राहण्याचंच काम आहे: फोटो काढायचे नाहीत, कुणाचे केस पुसायचे नाहीत, मोबाइल बाजूला. पाण्यात उतरताना किती आणि बाहेर आल्यावर किती, हे मोठ्यानं मोजतात का, ते ऐक. तलावाला चारी बाजूंनी कुंपण आणि वर हात न पोचणारी कडी आहे का, ते बघ. तास संपल्यावरची पाच-दहा मिनिटं, सगळे कपडे बदलण्यात गुंतलेले असतात, तीच वाईट.

नातीचे ओठ निळे पडले, दात वाजायला लागले की तास तिथंच थांबवायचा. जुलाब होत असतील, कान वाहत असेल तर पाठवायचंच नाही. आणि ती नको म्हणाली तर ढकलायचं नाही. आमच्या वेळी पाठीला वाळका भोपळा नाहीतर डालड्याचा रिकामा डबा बांधून पोरांना विहिरीत टाकत. तुझे थोरले मामा तसेच शिकले. धाकट्याला मात्र एकदा असं फेकलं, तो पुन्हा जन्मात पाण्यात उतरला नाही. दंडाला बांधायच्या हवेच्या फुग्यांवरही विसंबू नकोस, ते निसटतात.

इथलं पाणी मात्र शाळेच्या तलावासारखं नाही. शेततळ्याला 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, पाय घसरतच राहतो. जायकवाडीच्या उजव्या कालव्याला पाणी सुटलं की त्याचंही तसंच, उतार गुळगुळीत आणि धार जोराची. तेव्हा सुट्टीत येशील तर "तिला पोहता येतं" असं कुणाला कौतुकानंसुद्धा सांगू नकोस. ऐकणारा तेवढाच गाफील होतो.

आणखी एक शिकून घे. गावाकडे बुडालेल्याला उलटं धरून गरगर फिरवतात, पालथं घालून पोट दाबतात. त्यात वेळ जातो. लेकरू श्वास घेत नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि दुसऱ्याला 108 ला फोन लावायला सांगायचं. शाळेतल्या बायकांना हे येतं का विचार, आणि तूही कुठंतरी हातानं करून शीक, वाचून येत नाही ते.

दिवाळीला येशील त्याआधी आपल्या शेततळ्याच्या कुंपणाला फाटक बसवून घेते. दादाला सांगितलंय, आत चारी कोपऱ्यांत गाठी मारलेले दोर सोड आणि काठाला एक ट्यूब बांध. फाटकाची किल्ली माझ्या कमरेला राहील. मोरीतली बादली पालथी ठेवायची सवय मला आहेच, तुझ्या घरीही आजपासून तशीच ठेव.